दोघांसाठी परदेशातली ग्रुप टूर: निवडायची कशी?

दोन टूर कंपन्यांची ब्रोशर शेजारी ठेवली की दोन्ही जुळी वाटतात. तोच मनोरा, तोच कालवा, तोच बर्फाचा डोंगर आणि त्याच्यापुढे हात पसरून उभं असलेलं तेच जोडपं. खरा फरक असतो रात्री कुठे झोपायचं यात, सकाळी किती वाजता बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या यात आणि ‘पाहणार’ या शब्दाचा कंपनीच्या लेखी अर्थ काय यात. फोटोंच्या पानावर यातलं काहीच नसतं.

पहिल्या परदेश टूरला आम्ही दोघं ठिकाणं मोजून गेलो होतो. बारा दिवसांत सहा देश. त्यातल्या पॅरिस ते लुसर्न या दिवसातलं मला आठवतं ते फक्त बसच्या खिडकीचे जांभळे पडदे. दुसऱ्या वेळी इटली ठरली तेव्हा नवऱ्याने वही काढली आणि दोन टूर तासातासाने उलगडून लिहिल्या. एक ‘अ’, एक ‘ब’. त्या दुपारी जे सुचलं, आणि नंतर प्रत्यक्ष गेल्यावर जे कळलं, ते क्रमाने लिहिते आहे.

आधी एकमेकांना विचारा, वेगवेगळ्या कागदावर

कंपनीची वेबसाइट उघडायच्या आधी दोघांनी वेगवेगळे बसून तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची. काय पाहिल्याशिवाय परत यायचं नाही? काय अजिबात सहन होणार नाही? आणि सलग किती तास चालवेल, किती दिवस लवकर उठवेल? मग कागद बदलायचे.

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांत फारसा फरक पडत नाही. भांडणं होतात ती दुसऱ्यावरून. एकाला बसमध्ये चार तास बसवत नाही, दुसऱ्याला रोज हॉटेल बदललं की झोप लागत नाही. हे परदेशात सहाव्या दिवशी कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. तिसऱ्या प्रश्नाचं मात्र प्रामाणिक उत्तर कुणीच लिहीत नाही. माझ्या नवऱ्याने ‘सहा तास चालेन’ असं लिहिलं होतं. त्याच्या गुडघ्यांनी वेगळं लिहिलं असतं. दोघांत जो आधी थकतो त्याच्या घड्याळाने टूर निवडायची, हा आमच्याकडे आता नियमच आहे. कारण एक दमला की दुसऱ्याचीही संध्याकाळ खोलीतच जाते.

ग्रुप टूर हवीच आहे का, आणि कोणती?

हे पटकन सांगते. इजिप्त, मोरोक्को, पेरू, मध्य आशिया अशा ठिकाणी सोबत माणूस असण्याचा फायदा रोज जाणवतो. भाषा, परवाने, गाड्या, वाटाघाटी हे सगळं कुणीतरी बघतं. नेदरलँड्स किंवा जपानसारख्या ठिकाणी रेल्वे इतकी नेटकी आहे की थोडा आत्मविश्वास असेल तर दोघांना स्वतंत्रही जमतं. तरी तिथेही ग्रुप टूर घेणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. आखणीचं ओझं डोक्यावर नसणं ही पैसे मोजण्यासारखी गोष्ट आहे.

प्रकार म्हणाल तर ढोबळ चार. पन्नासेक सीटच्या मोठ्या बसची टूर, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घाईची. बारा ते चोवीस माणसांची छोट्या ग्रुपची टूर, महाग पण मोजणीत आणि रांगेत कमी वेळ घालवणारी. एकाच शहरात मुक्काम ठेवून रोज आसपास नेणारी टूर, ज्यांना बॅगा बांधायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी. आणि नदीवरची क्रूझ, जिथे खोलीच तुमच्याबरोबर फिरते. नदीचं एक लक्षात ठेवा: उन्हाळ्याच्या अखेरीला पाणी घटलं तर ऱ्हाईन किंवा डॅन्यूबवरच्या क्रूझचा काही भाग बसने उरकला जातो. तसं झालं तर काय देणार, हे अटींत शोधायचं.

आयटिनररी वहीत उतरवा

आयटिनररी म्हणजे टूरचा दिवसवार कार्यक्रम. इथे घाई करू नका. सगळी निवड इथेच ठरते.

पानावर चार रकाने आखा: तारीख व वार, रात्र कुठे, बसमध्ये किती तास, पाहायच्या जागेवर किती तास. सुरुवात रात्रींपासून करा. ‘१० दिवस’ म्हटलेल्या टूरमध्ये पहिली रात्र विमानात असू शकते आणि शेवटचा दिवस म्हणजे नाश्ता करून विमानतळ. पहिल्या दिवशी विमान सकाळी सातला उतरत असेल तर खोली बहुधा दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही; रात्रभर जागलेल्या माणसांना तोवर शहरभर फिरवतात आणि त्याला ‘शहरदर्शन’ म्हणतात. म्हणून दिवस मोजू नका, पलंगावरच्या रात्री मोजा, आणि त्या किती गावांत वाटल्या आहेत ते पाहा. आठ रात्री आणि सहा हॉटेलं असतील तर तुम्ही बॅग भरायला चालला आहात. निदान दोन ठिकाणी सलग दोन, एका ठिकाणी तीन रात्री असतील तर श्वास घेता येतो.

मग बसचे तास. नकाशावर अंतर काढा आणि ॲप दाखवतं त्या वेळेवर विसंबू नका, ती वेळ मोटारीची असते. पॅरिस ते लुसर्न सुमारे ६०० किलोमीटर. मोठ्या बसचा वेग हमरस्त्यावरही ताशी १००च्या आसपास अडकतो. शिवाय युरोपीय संघात बसचालकाला साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे, दिवसात ९ तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही (आठवड्यात दोनदा १० चालतात) आणि दोन दिवसांच्या मध्ये साधारण ११ तासांची विश्रांती लागते, ती काही वेळाच ९ पर्यंत कमी करता येते. नियम चांगलाच आहे, आपल्याच जिवासाठी आहे. पण त्याचा अर्थ असा की रात्री अकराला हॉटेलवर सोडणारी ‘रोषणाईची फेरी’ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला प्रस्थान हे एकाच चालकाला रोज जमणारं नाही. आयटिनररीत असे दोन दिवस पाठोपाठ दिसले तर विचारा. बहुतेक वेळा त्यातलं काहीतरी गळणार असतं.

आता एक दिवस जवळून पाहू. टूर ‘अ’मध्ये एवढंच छापलं होतं: ‘सकाळी व्हेनिस. सेंट मार्क चौक, रियाल्टो पूल, काचेचा कारखाना. दुपारी फ्लॉरेन्सकडे प्रस्थान.’ वाचायला भरगच्च दिवस.

वहीत तो असा उतरला. आदल्या रात्रीचा मुक्काम मेस्त्रेत, म्हणजे खाडीच्या अलीकडे, मुख्य भूमीवर. सातला नाश्ता, साडेसातला बॅगा बसच्या पोटात, आठला निघायचं. बस व्हेनिसच्या आत जाऊ शकत नाही, ती त्रोंकेत्तोच्या वाहनतळावर थांबते. तिथून बोटीने सेंट मार्कजवळ. चढणं, उतरणं, डोकी मोजणं धरून पाऊण तास. सव्वानऊ. कारखान्यात कारागीर फुंकर मारून काचेचा घोडा करून दाखवतो ती दहा मिनिटं, त्यानंतर दुकानात पस्तीस. दहा. स्थानिक गाइडबरोबर तासभर फेरी. अकरा. दुपारी दोनला बस हलायची असेल तर एकला बोटीपाशी हजर. म्हणजे तुमचं स्वतःचं व्हेनिस अकरा ते एक, आणि त्यात जेवण, त्यात स्वच्छतागृहाची रांग. मग सुमारे २६० किलोमीटर, वाटेतल्या थांब्यासह संध्याकाळचे सहा.

टूर ‘ब’मध्ये व्हेनिसच्या दोन रात्री होत्या. सकाळ जवळपास तशीच, काचेचा घोडासुद्धा तोच, पण दुपार आणि संध्याकाळ कोरी. दिवसभराची गर्दी परतल्यावर त्या गल्ल्यांमध्ये काय शांतता असते ते ब्रोशरमध्ये लिहिता येत नाही. म्हणून ते ‘कोरी’ दिसतं आणि लोकांना वाटतं, इथे कंपनीने पैसे वाचवले.

शब्दांचे अर्थ

टूरच्या भाषेत प्रत्येक क्रियापदाला किंमत असते. ‘प्रवेशासह’ म्हणजे तिकीट काढून आत. ‘भेट’ म्हणजे आत असेलच असं नाही. ‘फोटो स्टॉप’ म्हणजे दहा-पंधरा मिनिटं उतरायचं. ‘बसमधून दर्शन’ म्हणजे ज्या बाजूला तुम्ही बसला नाहीत त्या बाजूला ते असणार. रोममध्ये कोलोसियम ‘पाहणं’ हे बाहेरून असतं की आत, यात निम्म्या दिवसाचा आणि बऱ्याच समाधानाचा फरक आहे. आयफेल टॉवर ३३० मीटर उंच आहे, पण बऱ्याच पॅकेजांत तिकीट दुसऱ्या मजल्यापर्यंतचं असतं, म्हणजे सुमारे ११६ मीटर. मला विचाराल तर पॅरिस तिथूनच जास्त चांगलं दिसतं. पण शिखरावर जायचंच असं एकाच्या कागदावर लिहिलेलं असेल तर हे आधी कळायला हवं.

वार बघायला विसरू नका. पॅरिसचं लूव्हर संग्रहालय मंगळवारी बंद, फ्लॉरेन्सची उफिझी आर्ट गॅलरी सोमवारी बंद, व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. टूर तीच, पण निघायची तारीख दोन दिवस पुढेमागे झाली की हे सगळे वार सरकतात. ‘बंद असल्यास पर्यायी ठिकाण दाखवले जाईल’ ही ओळ कंपनीने त्यासाठीच टाकलेली असते.

ऋतूचंही तसंच. हॉलंडची कॉयकेनहोफ बाग साधारण मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते. जूनच्या टूरच्या ब्रोशरवर ट्युलिपचा फोटो असला तर तो फोटोच. स्वित्झर्लंडमधलं युंगफ्राऊयोख ३,४५४ मीटरवर आहे, तिथे ढग असतील तर पांढऱ्या भिंतीपुढे उभं राहून परत यावं लागतं. ज्या टूरला त्या भागात दोन रात्री असतात तिला निदान दिवसांची अदलाबदल करता येते. पेरूत लिमाहून विमानाने थेट कुस्कोला, म्हणजे सुमारे ३,४०० मीटरवर उतरवून लगेच फिरवणारी टूर मी घेणार नाही. आधी खाली पवित्र दरीत मुक्काम, माचू पिचू त्याहून खाली २,४३० मीटरवर, आणि कुस्को शेवटी, असा क्रम ज्याने लावला आहे त्याने शरीराचा विचार केलेला असतो. इजिप्तमध्ये आस्वानहून अबू सिंबेलची प्राचीन मंदिरं जवळपास २८० किलोमीटरवर आहेत. जाऊन-येऊन सात तास रस्त्यावर, म्हणून पहाटे अंधारात निघतात. जावं की नाही? जावं. पण आदल्या रात्री उशिराचा कार्यक्रम नसलेली टूर बघून जावं.

हॉटेल: तारे किती हे नंतर, आहे कुठे ते आधी

‘पॅरिस परिसर’ या दोन शब्दांनी आमच्या पहिल्या टूरच्या तीन संध्याकाळी खाल्ल्या. हॉटेल स्वच्छ होतं, नाश्ता उत्तम होता, आणि आजूबाजूला एक पेट्रोल पंप व एक गोदाम होतं. रात्री आठला बस सोडून गेली की संपलं.

ताऱ्यांची मोजणी देशागणिक वेगळी असते, तिचा तुलनेला फारसा उपयोग नाही. हॉटेलचं नाव मागा. ‘अमुक किंवा तत्सम’ असं उत्तर आलं तर विचारा: गेल्या हंगामात याच टूरचे ग्रुप कुठल्या हॉटेलांत उतरले होते? हे सांगायला कुणाची हरकत नसते, आणि कुणी टाळाटाळ केली तर तेही उत्तरच. नाव मिळालं की नकाशावर पाहा: चालत दहा मिनिटांवर काही आहे का, स्टेशन किती लांब. शहराबाहेरचं हॉटेल वाईटच असं नाही. मेस्त्रे स्टेशनजवळ उतरलात तर रेल्वेने दहा-बारा मिनिटांत व्हेनिसला पोचता येतं, ती सोय झकास आहे. फ्लॉरेन्सच्या नावाखाली मोंतेकातिनीत ठेवलं तर मात्र शहर चाळीसेक किलोमीटरवर राहतं.

खरी किंमत

जाहिरातीतली किंमत ही सुरुवात असते. तिच्यात काय मिळवायचं ते दोन्ही टूरसाठी सारखंच लिहा: न धरलेली जेवणं, टूर मॅनेजर-चालक-गाइड यांची बक्षिसी (ही बहुधा माणशी रोजची ठरलेली असते आणि सक्तीची असते), शहराचा पर्यटक कर, ऐच्छिक सहली, विमानतळावरून ने-आण, व्हिसा, विमा. चलनाचा भाव कोणत्या तारखेचा धरणार हेही विचारा. किमतीचा काही भाग परकीय चलनात असेल तर तो शेवटचा हप्ता भरताना वाढलेला असू शकतो.

ऐच्छिक सहलींची यादी दरासह आधीच लेखी मागवा. आणि त्यासोबत हा प्रश्न हमखास विचारा: आम्ही ती सहल घेतली नाही तर तेवढा वेळ आम्ही कुठे असू? शहराच्या मध्यभागी दोन तास मोकळे मिळणार असतील तर उत्तम. बसच्या वाहनतळावर थांबावं लागणार असेल तर ती सहल नावालाच ऐच्छिक आहे, तिची किंमत मूळ किमतीत धरा. कारखाने, गालिचे, पपायरस, चामडं या ‘भेटीं’चे तासही जागेवरच्या तासांतून वजा करा. मला खरेदीचं वावडं नाही, पण ती मला माझ्या वेळेने आवडते.

आमच्या वहीतला हिशेब सांगते. ‘अ’ची जाहिरातीतली किंमत १०० धरली तर ‘ब’ची ११६ होती, पाहताक्षणी ‘अ’ स्वस्त. ‘अ’मध्ये तीन ऐच्छिक सहलींचे १२, बक्षिसी आणि कर ६, न धरलेली जेवणं ९ मिळवल्यावर १२७ झाले. ‘ब’मध्ये प्रवेश आणि बक्षिसी धरलेली होती, जेवणांचे १२ मिळवून १२८. म्हणजे सारख्याच. मग जागेवरचे तास: ‘अ’चे ३१, ‘ब’चे ५२. एका तासाला ‘अ’ चार, ‘ब’ अडीच. नवऱ्याने त्याखाली दोन रेघा मारल्या.

बसमधली माणसं

ग्रुप किती जणांचा, हा आकडा कमाल आणि किमान दोन्ही विचारा. कमाल यासाठी की चाळीस माणसांच्या प्रत्येक थांब्याला पंधरा मिनिटं जास्त लागतात. किमान यासाठी की तेवढं बुकिंग झालं नाही तर टूर रद्द होऊ शकते. तारीख ‘निश्चित’ असल्याचं लेखी कळेपर्यंत स्वतःचं विमान तिकीट काढू नका. त्या तारखेला आतापर्यंत किती जोडपी, किती कुटुंबं, साधारण वय काय, हेही ऑफिसला माहीत असतं. मुलं असलेल्या ग्रुपमध्ये जायला आम्हाला आवडतं, पण हनिमूनवाल्यांनी शाळांच्या सुट्ट्या टाळलेल्या बऱ्या.

टूर मॅनेजर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच असणार का, की शहरागणिक गाइड बदलणार? मला एकच माणूस बरा वाटतो. तिसऱ्या दिवसापर्यंत त्याला कळलेलं असतं कोणाला पायऱ्या जमत नाहीत. बसमधल्या सीट रोज फिरवतात का, मोठ्या जागी गाइडचा आवाज ऐकायला कानातली यंत्रं देतात का, हे दोन छोटे प्रश्न विचारा. ज्यांच्याकडे उत्तर तयार असतं त्यांनी ही टूर खूपदा चालवलेली असते.

परीक्षणं वाचायची असतील तर पाच तारे आणि एक तारा दोन्ही सोडून द्या. तीन ताऱ्यांची वाचा. तिथे लोक शांतपणे लिहितात.

दोघांपैकी एकाला काही झालं तर

जोडपी हा भाग वाचतच नाहीत, आणि दोघांच्या प्रवासातली सगळ्यात नाजूक जागा हीच आहे.

टूर मॅनेजर ग्रुपबरोबर पुढे जातो. त्याला जावंच लागतं. एकजण तापाने पडला तर दुसरा त्याच्याजवळ थांबणार, ग्रुप पुढच्या गावी, आणि मग पुन्हा गाठायचा खर्च तुमचा. म्हणून विमा घेताना फक्त उपचाराची रक्कम बघू नका. एक रुग्णालयात असताना जोडीदाराच्या राहण्याचा खर्च मिळतो का, मधूनच टूर सोडावी लागली तर न वापरलेल्या भागाचं काय, आणि आधीपासून असलेले आजार धरले आहेत का, हे बघा. रक्तदाब, साखर लपवू नका. दावा नेमका तिथेच अडतो. शेंगेन देशांच्या (युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं, पण ती व्हिसाची अट झाली, तुमची गरज त्याहून मोठी असू शकते. आणि विमा बुकिंगनंतर लगेच घ्या, निघायच्या आदल्या आठवड्यात नको. रद्द करण्याची वेळ येते ती बहुधा त्या मधल्या महिन्यांतच.

निघण्याआधी एकालाच रद्द करावं लागलं तर? किंमत दोघांच्या खोलीच्या हिशेबाने असते. एक गळला की उरलेल्याकडून बऱ्याचदा एकट्याच्या खोलीचा जादा आकार मागतात. म्हणजे एकाच्या रद्द होण्याचा दंड आणि दुसऱ्याचा जादा आकार, दोन्ही. हे कलम शोधून वाचा. जोडीदाराच्या जागी दुसऱ्या कुणाचं नाव घालता येतं का, तेही.

बाकी पलंग. ‘ट्विन’ म्हणजे दोन वेगळे पलंग, ‘डबल’ म्हणजे एक मोठा. काही हॉटेलांत दोन पलंग जवळ ढकलून त्यालाच डबल म्हणतात आणि मध्ये फट राहते. ‘ट्विन शेअरिंग’ हा किमतीच्या तक्त्यातला शब्द झाला, त्यावरून पलंग कुठला मिळेल ते ठरत नाही. हवं ते बुकिंगच्या वेळी लिहून द्या.

अटी आणि कागदपत्रं

रद्द केल्यास किती दिवस आधी किती पैसे कापले जातात, याच्या पायऱ्या दोन्ही टूरच्या शेजारी शेजारी लिहा. मोजपट्टी हवी असेल तर युरोपीय संघाचे पॅकेज प्रवासाचे नियम बघा, जुलै २०१८ पासून लागू असलेले. त्यांत किंमत ८ टक्क्यांपेक्षा जास्त वाढली तर ग्राहकाला दंडाशिवाय रद्द करता येतं, निघायला २० दिवस उरल्यावर किंमत वाढवता येत नाही, आणि निदान ७ दिवस आधी कळवून, काही खर्च आला तर तो भरून, आपली जागा दुसऱ्याच्या नावे करता येते. तुमचं बुकिंग त्या कायद्याखाली येत नसेल, तरी कंपनीच्या अटी याहून किती कडक किंवा सैल आहेत ते लगेच दिसतं. कंपनी बुडाली तर आगाऊ रकमेचं संरक्षण काय, हाही प्रश्न संकोच न करता विचारा.

पासपोर्ट आत्ताच उघडून बघा. बरेच देश सहा महिन्यांची मुदत मागतात. शेंगेन देशांत परतीच्या तारखेपुढे तीन महिने, आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला. व्हिसा लागत असेल तर शेंगेनचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावा लागतो. पंधरा दिवस म्हणजे काहीच नाही. हंगामात अपॉइंटमेंट मिळायलाच त्याहून जास्त जातात. दोघांच्या पासपोर्टवरची नावं बुकिंगवर अक्षरशः तशीच असू देत.

शेवटी

दोनच टूर हातात उरल्या की त्यांना सारखाच ई-मेल पाठवा, फोन नको. आम्ही पाठवला होता तो साधारण असा:

‘कृपया लेखी कळवा: गेल्या हंगामातल्या हॉटेलांची नावं, आत प्रवेश असलेल्या आणि बाहेरून दाखवल्या जाणाऱ्या ठिकाणांची वेगळी यादी, ऐच्छिक सहलींचे दर आणि त्या न घेणाऱ्यांची सोय, दोघांपैकी एकाने रद्द केल्यास दुसऱ्याला किती भरावं लागेल.’

एकीकडून दुसऱ्या दिवशी मुद्देसूद उत्तर आलं. दुसरीकडून ‘काळजी करू नका, सगळं छान होईल’ असा फोन आला आणि पाठोपाठ सवलतीचा मेसेज, आजच बुकिंग केलं तर. ती सवलत पुढच्या तीन आठवड्यांत आणखी दोनदा ‘आजच’ संपली.

ॲडव्हान्स भरायच्या आधी आयटिनररीची त्या दिवसाची प्रत पीडीएफ करून ठेवा; वेबसाइटवरचं पान नंतर बदलतं. पैसे शक्यतो क्रेडिट कार्डाने भरा, वाद झालाच तर बँकेकडे दाद मागायची एक वाट राहते. जपानसारख्या ठिकाणी काही टूर मोठ्या बॅगा वेगळ्या पाठवतात आणि एक रात्र छोट्या पिशवीवर काढावी लागते, असं काही असेल तर तेही आत्ताच विचारा, म्हणजे बॅगांची खरेदी एकदाच होईल.

आम्ही ‘ब’ घेतली. तिच्यात पिसा नव्हतं. फ्लॉरेन्सला एक पूर्ण दिवस मोकळा होता आणि तिथून रेल्वेने पिसा तासाभरावर आहे, तेव्हा जाऊ, असं आम्ही ठरवलंही होतं. त्या दिवशी नऊ वाजता उठलो, नदीकाठी कॉफी घेतली, नवऱ्याचे गुडघे म्हणाले आज इथेच. मनोरा अजून पाहायचा आहे.